सभेत मध्येच उठलेल्या माणसाचं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. महापालिकेच्या प्रचारात तुमच्या चौकात कोपरा सभा झाली. एका काकांनी मध्येच उठून पाण्याच्या टँकरबद्दल विचारलं, दोन कार्यकर्त्यांनी त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं आणि उमेदवार काही घडलंच नाही अशा थाटात पुढे बोलत राहिला. पुढच्या वेळी स्वतः उभं राहायचा तुमचा विचार आहे. म्हणून तुम्हाला जाणून घ्यायचंय की अशा वेळी नेमकं काय करायचं, आणि नारळ, औक्षण, पदयात्रा, पुतळ्यांना हार हे सगळं पाळलंच पाहिजे का.

मी पुण्यात उमेदवारांच्या सभा आणि पदयात्रा लावून देण्याचं काम करतो. पेठांत केलंय, सिंहगड रस्ता, हडपसर, वडगाव शेरीकडेही केलंय, आणि एकाच पक्षासाठी केलेलं नाही. तेव्हा जे सांगतोय ते कोणाच्या बाजूचं नाही, कामाचं आहे.

त्या संध्याकाळी त्या उमेदवाराचं काय गेलं ते आधी बघा. कोपरा सभेत समोरच्या खुर्च्यांवर बसलेले बहुतेक आपलेच असतात. मंडळाची पोरं, त्यांच्या घरचे, पक्षाचे जुने लोक. त्यांचं मत ठरलेलं असतं. ज्याचं ठरलेलं नाही तो सहसा खुर्चीवर बसत नाही. तो किराणा दुकानाच्या पायरीवर उभा असतो, गाडी स्टँडवर लावून सीटवर टेकलेला असतो, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे काढता काढता ऐकत असतो. सभा खरं तर या कडेच्या माणसासाठी लावायची असते. त्याला तुमच्या जाहीरनाम्यातलं फार काही लक्षात राहत नाही. पण काकांचा दंड धरलेला त्याने पाहिला, आणि काका त्याच्याच बिल्डिंगमधले असतील तर तो प्रसंग रात्री जेवताना घरात सांगितला जातो. नियोजन करताना मी प्रत्येक गोष्ट याच माणसाच्या जागी उभं राहून तपासतो. खाली जे येईल त्याचं मूळ तेच आहे.

दुसरी गोष्ट नियमाची. पक्षात मुरलेल्या कार्यकर्त्यांनाही ती ठाऊक नसते. निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेत सभांबद्दल स्पष्ट म्हटलंय की सभेत कोणी गोंधळ घालत असेल तर आयोजकांनी बंदोबस्तावरच्या पोलिसांची मदत घ्यावी, स्वतः त्या माणसावर कारवाई करू नये. म्हणजे काकांना हात लावण्याचा अधिकार त्या दोन पोरांना नव्हताच. त्याच आचारसंहितेत असंही आहे की एका पक्षाच्या कार्यकर्त्याने दुसऱ्या पक्षाच्या सभेत तोंडी किंवा लेखी प्रश्न विचारून किंवा आपली पत्रकं वाटून व्यत्यय आणू नये. बंधन विरोधी कार्यकर्त्यावर आहे. टँकरच्या पाण्याने वैतागलेल्या सामान्य मतदाराने उमेदवाराला प्रश्न विचारण्यात वावगं काहीच नाही. प्रचाराच्या काळात तो आपल्याकडे यावा म्हणूनच तर आपण दारोदार फिरतो. महापालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्याची आचारसंहिता वेगळी निघते. अर्ज भरलात की तिची प्रत मागून घ्या आणि स्वतः वाचा, वकिलावर सोडू नका.

लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत याला कायद्याचीही जोड आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 127 प्रमाणे प्रचारसभेचं काम बंद पाडण्याच्या हेतूने गोंधळ घालणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलिसांनी गोंधळ घालणाऱ्याचं नाव-पत्ता विचारायचा तो सभेच्या अध्यक्षांनी विनंती केल्यावर. म्हणून कोपरा सभेलाही अध्यक्ष हवाच, आणि तो नुसता हार घालून बसवलेला नको. शांत डोक्याचा, गल्लीत मान असलेला, निवृत्त शिक्षक किंवा मंडळाचा जुना अध्यक्ष असा माणूस निवडा. मी कोपरा सभेचा कागद करतो तेव्हा वक्त्यांच्या आधी अध्यक्षाचं नाव लिहितो.

आता काका उठलेत आणि तुमच्या हातात माइक आहे, असं धरा.

सगळ्यात आधी बोलणं थांबवा. वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल. माइकवर आवाज चढवून त्यांच्यावर मात करता येते, पण कडेच्या माणसाला तिथे फक्त एक भोंगा एका म्हाताऱ्यावर ओरडताना दिसतो. थांबा, त्यांच्याकडे वळा आणि म्हणा, "काका, पूर्ण बोला, मी ऐकतेय." त्यांना पूर्ण बोलू द्या. उभं राहून भांडायला आलेल्या माणसाला कोणी अडवलं नाही तर त्याचं बोलणं फार लांबत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याची मला शंका उरलेली नाही.

मग सगळ्यात महत्त्वाचं. त्यांचा प्रश्न तुम्ही स्वतः माइकवरून परत सांगा. सभेत दोन भोंगे लावलेले असतात आणि त्यांची तोंडं रस्त्याकडे असतात. काकांचा आवाज पहिल्या दोन ओळींच्या पुढे जात नाही. तुम्ही थेट उत्तर द्यायला लागलात तर गॅलरीतल्या बाईला प्रश्न कळलेलाच नसतो, तिला फक्त तुमची बचावाची वाक्यं ऐकू येतात आणि वाटतं, काहीतरी पकडलं गेलं वाटतं. त्यापेक्षा म्हणा, "काका विचारताहेत, की टँकर आठवड्यातून दोनदाच येतो, आणि त्याचेही पैसे सोसायटीलाच भरावे लागतात. कर भरूनही हे का?" प्रश्न त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच धारेने मांडा, मऊ करू नका. तो इतका नीट मांडला गेला की काकांची मान आपोआप हलते आणि आजूबाजूचे चारजण म्हणतात, "हो, बरोबर आहे." तिथे अर्धं काम झालेलं असतं, कारण आता तो प्रश्न विरोधकाचा राहिलेला नाही, चौकाचा झालेला आहे.

उत्तर छोटं ठेवा. माहीत असेल तेवढंच सांगा, नसेल तर "मला आत्ता हे माहीत नाही, उद्या संध्याकाळपर्यंत माहिती काढून तुम्हाला फोन करते" एवढं पुरे. पण एक कार्यकर्ता वही घेऊन उभा हवा, त्याने तिथल्या तिथे नाव, बिल्डिंग, फोन लिहून घेतला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी फोन गेलाच पाहिजे. तो फोन गेला की काका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतः लिहितात. नाही गेला तरीही लिहितात.

माइक मात्र हातातून सोडू नका. "या काका, वर या, इथून बोला" असं म्हणणारे उमेदवार मोठ्या मनाचे दिसतात, पण माइक एकदा गेला की परत घेताना झटापट होते आणि मग परत दंड धरायची वेळ येते.

उठणारी सगळीच माणसं काकांसारखी नसतात, हे खरं आहे. पण निम्म्याहून जास्त तशीच असतात, आणि पुण्यात तर त्यांच्याकडे कागद असतात. कात्रणांची फाइल, माहिती अधिकारात मिळवलेली उत्तरं, महापालिकेला पाठवलेल्या अर्जांच्या पोचपावत्या. 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावं महापालिकेत आली. धायरी, आंबेगाव, लोहगाव, उंड्री या भागांत पाणी, रस्ते, ड्रेनेज हे प्रश्न तेव्हापासून पेटलेले आहेत. त्यात 2022 च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ प्रशासकच कारभार पाहत होते. इतक्या वर्षांची तक्रार साठलेला माणूस पहिल्यांदा कोणीतरी माइक घेऊन गल्लीत आल्यावर उठणारच. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत नदीचं पाणी शिरलं. तिथल्या माणसाने सभेत आवाज चढवला तर तो हुल्लडबाज नाही. त्याच्या घरातला फ्रिज, पोरांची दप्तरं, कागदपत्रं चिखलात गेलेली आहेत. अशा ठिकाणी सभा लावण्याआधी मी उमेदवाराला एक दिवस नुसतं घरोघरी बसून यायला सांगतो, माइक नाही, फोटोग्राफर नाही. ज्यांना ते जमत नाही त्यांनी तिथे सभा घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पाठवलेला माणूस ओळखू येतो. त्याचे डोळे तुमच्याकडे नसतात, मागे मोबाइल धरून उभ्या असलेल्या जोडीदाराकडे असतात. त्याला उत्तर नकोच असतं. तुम्ही चिडावं, एखादा कार्यकर्ता अंगावर जावा, एवढंच त्याला रेकॉर्ड करायचं असतं. त्यालाही वागणूक तीच द्यायची, काकांना दिली तीच: थांबा, ऐका, प्रश्न माइकवर परत सांगा, छोटं उत्तर द्या. त्याने परत तेच सुरू केलं तर आता बोलायचं अध्यक्षांनी. "तुमचा प्रश्न झाला, उत्तर झालं, बाकीच्यांना ऐकू द्या." तिसऱ्यांदा पोलिसांना सांगायचं, तेही अध्यक्षांनीच. उमेदवाराच्या तोंडून "पोलीस, यांना बाहेर काढा" हे वाक्य कधीच जाऊ नये. आणि आपला एक माणूस सभा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत पूर्ण चित्रीकरण करत असला पाहिजे. तुकडा काढून फिरवला तर पूर्ण प्रसंग दाखवता येतो. पिऊन आलेल्याशी बोलूच नका, त्याच्या घरच्यांना किंवा मित्राला गाठून घरी पाठवा.

दुसऱ्या पक्षाची रिक्षा भोंगा वाजवत सभेच्या बाजूने गेली तर गप्प उभ्या राहा. ती जाईपर्यंत थांबा. अँब्युलन्स, अजान, आरती यांच्यासाठीही तसंच. थांबलेल्या उमेदवाराबद्दल कोणी वाईट बोललेलं मी ऐकलेलं नाही.

आचार्य अत्र्यांसारखं उत्तर देऊन समोरच्याला गप्प करावं, अशी बऱ्याच उमेदवारांची हौस असते. अत्रे पुण्यात शिकले, इथल्या नगरपालिकेत निवडून आले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधल्या त्यांच्या हजरजबाबीपणाचे किस्से अजून सांगितले जातात. पण ते अत्रे होते, आणि त्यांची धार सत्तेवर चालायची. उमेदवाराने चौकातल्या मतदारावर कोटी केली की खुर्च्यांवरचे हसतात, टाळ्या पडतात आणि दुकानाच्या पायरीवरचा माणूस मनातल्या मनात त्या मतदाराच्या बाजूला जातो. विनोद करायचाच असेल तर स्वतःच्या पक्षावर करा.

गर्दीला हिणवलं की काय होतं याचं मोठं उदाहरण मुंबईचं आहे. 20 नोव्हेंबर 1955 ला चौपाटीवर काँग्रेसच्या मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा होती. मुंबई महाराष्ट्राला मिळणं शक्यच नाही, अशी भाषा व्यासपीठावरून झाली आणि लोकांनी ती सभा उधळली. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने आपला राग मतपेटीतूनही दाखवला. पुण्यात काकासाहेब गाडगीळांसारखा मोठा काँग्रेस नेता संयुक्त महाराष्ट्र समितीच्या नानासाहेब गोऱ्यांकडून हरला.

सभा उधळण्याची सवय पुण्याला त्याहून जुनी आहे. 1891 साली संमतिवयाच्या बिलाच्या, म्हणजे मुलींचं संमतीचं वय दहावरून बारा करणाऱ्या कायद्याच्या, बाजूने सुधारकांनी भरवलेली सभा इथल्या विरोधकांनी मोडली. 1907 साली सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात पुण्याचे टिळक बोलायला उभे राहिले तेव्हाच्या गोंधळात मंचावर जोडा भिरकावला गेला आणि तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहतांना लागला. मला या परंपरेचा अभिमान वाटत नाही. पण याच शहरात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि ती आजही चालते. इथला श्रोता बसून ऐकतो, वेळेवर येतो, आणि वक्ता उशिरा आला तर उठून जातो. तुमची सभा सात वाजता लावली असेल तर सातला सुरू करा. आठला सुरू झालेल्या सभेत पहिला ओरडणारा माणूस बहुधा सातपासून उभा असतो.

दुसऱ्याच्या टोमण्याचा उपयोग करून घेण्याचं पुण्यातलं सगळ्यांना आठवणारं उदाहरण कसब्याच्या फेब्रुवारी 2023 च्या पोटनिवडणुकीचं. भाजपच्या चंद्रकांत पाटलांनी प्रचारात "हू इज धंगेकर?" असं विचारलं, आणि काँग्रेसचे उमेदवार रवींद्र धंगेकरांच्या बाजूने त्याच तीन शब्दांचं प्रचाराचं हत्यार झालं. निकाल धंगेकरांच्या बाजूने लागल्यावर "धिस इज धंगेकर" गल्लोगल्ली झळकलं. यात शिकण्यासारखं एवढंच आहे की त्यांच्या बाजूने रागावून प्रत्युत्तर देण्याऐवजी तो प्रश्न मतदारांसमोर ठेवला गेला, आणि ज्या लोकांच्या दारात हा माणूस वर्षानुवर्षं येत होता त्यांनी उत्तर दिलं. नुसत्या वाक्याने निवडणूक जिंकली असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच कसब्यात भाजपच्या हेमंत रासनेंनी धंगेकरांना हरवलं. तसंच 18 ऑक्टोबर 2019 ला साताऱ्यात शरद पवारांनी भर पावसात भाषण केलं. त्यानंतर आभाळ भरून आलं की छत्री नाकारणारे उमेदवार मी पाहतो. लोकांच्या खुर्च्या भिजत असतील तर सभा थांबवून सगळ्यांना आडोशाला न्या.

महापालिकेच्या सभेत एक अडचण वेगळीच असते. चार सदस्यांचा प्रभाग म्हणजे व्यासपीठावर अ, ब, क, ड असे चार उमेदवार. प्रश्न पाण्याचा आला की चौघांपैकी दोघं माइककडे हात करतात किंवा चौघंही एकमेकांकडे बघतात. सभेआधी गाडीतच ठरवा: पाणी-ड्रेनेज कोण, रस्ते-वाहतूक कोण, झोपडपट्टी पुनर्वसन कोण. ज्याचा विषय त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी माना हलवायच्या नाहीत की कुजबुजायचं नाही. कडेच्या माणसाला चार मतं द्यायची असतात आणि चौघांचं एकमेकांशी पटतं का हे तो तिथेच पाहून घेतो.

आता परंपरांकडे येतो. तुमच्या प्रश्नात "हे सगळं जुनाट नाही का" असा सूर आहे. माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे.

नारळ फोडा. पेठांमध्ये कसबा गणपती ग्रामदैवत आणि तांबडी जोगेश्वरी ग्रामदेवता; तिथे दर्शन घेऊन प्रचार सुरू करायची पद्धत सगळ्या पक्षांत आहे. उपनगरात मात्र त्या त्या मूळ गावाचं दैवत विसरू नका. कोथरूडला म्हातोबा, धायरीला धारेश्वर, इतर गावांत भैरवनाथ. टॉवरमध्ये राहायला आलेल्यांना त्याचं काही वाटत नसेल, पण मूळ गावकऱ्यांच्या आळीत पहिला नारळ कुठे फुटला हे विचारलं जातं. फक्त दर्शन म्हणजे दर्शनच. मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांचा प्रचाराच्या व्यासपीठासारखा वापर करायला आचारसंहितेत मनाई आहे, आणि धर्म-जातीच्या नावाने मत मागणं तर लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 प्रमाणे भ्रष्ट आचार ठरतं. त्यावर निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. म्हणून देवळाच्या पायरीवर घोषणा नको, भाषण नको, पत्रकावर देवाचा फोटो नको. नारळ फोडून बाहेर या, रस्ता ओलांडा, मग बोला. पत्रकाचा विषय निघालाच आहे तर, त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असलाच पाहिजे. घाईत छापलेल्या पत्रकांवर हेच राहून जातं.

पुतळ्यांना हार घालायचे तर मनापासून घाला. मंडईतले टिळक, लाल महाल, गंज पेठेतला फुलेवाडा, स्टेशनजवळचे बाबासाहेब. एकीकडे गेलात आणि दुसरीकडे गेला नाहीत तर त्याचा अर्थ काढला जातो, आणि तो अर्थ काढणाऱ्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

औक्षणाबद्दल मात्र फार सांभाळा. पदयात्रेत दारोदार बायका ताट घेऊन उभ्या असतात. ताटात ओवाळणी टाकायची आपली रीत आहे, पण उमेदवाराने त्या ताटात नोट टाकली की मतदाराला पैसे दिल्याची तक्रार होते, आणि फोटो काढणारे तिथेच असतात. रिकाम्या हाताने पुढे जाणंही बरं दिसत नाही. आम्ही काय करतो ते सांगतो. पदयात्रेच्या दोन घरं पुढे एक वयस्कर कार्यकर्ती चालते. ती प्रत्येक दारात सांगत जाते, "आचारसंहिता आहे हं, ताई ओवाळणी घालणार नाहीत, राग मानू नका." उमेदवार पोचतो तेव्हा बायकांना ते माहीत असतं. तुम्ही अक्षता वाहा, वाकून नमस्कार करा, घरातल्या आजींच्या पाया पडा. तुम्ही बाई आहात म्हणून पेठांत ओटीही भरतील. तांदूळ, नारळ, खण. ते नाकारू नका, मागे एक मुलगी मोठी पिशवी घेऊन ठेवा, नाहीतर तिसऱ्या वाड्यापर्यंत हात भरलेले आणि मतदाराला हात जोडायला मोकळा हात नाही, अशी गत होते. संक्रांतीच्या सुमारास निवडणूक आली तर हळदीकुंकवाला जा, पण स्वतः घालून वाण वाटू नका. ती भेटवस्तू धरली जाते.

पदयात्रेचा मार्ग, सुरुवातीची वेळ आणि शेवट आधी ठरवून पोलिसांना कळवावा लागतो, आणि ठरल्या मार्गावरूनच जावं लागतं. पेठांतल्या अरुंद रस्त्यांवर सकाळी आठ ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळा चांगल्या. दुपारी एक ते चार कोणाची बेल वाजवू नका. म्हातारी माणसं झोपलेली असतात, रात्रपाळी करून आलेली पोरं झोपलेली असतात, आणि झोपमोड केलेला उमेदवार लक्षात राहतो. चालताना वर बघा. जुन्या इमारतींमध्ये गुडघ्यांमुळे खाली न उतरू शकणाऱ्या आजी-आजोबांची मतं वरच्या मजल्यावर असतात, आणि पदयात्रेतले बहुतेक उमेदवार सरळ समोर बघत, हात जोडत निघून जातात. एखाद्या आजींसाठी तीन जिने चढून वर जा. पदयात्रा खाली थांबेल, काही बिघडत नाही. खालचे सगळे वर बघत उभे राहतील आणि त्या पाच मिनिटांत आळीला तुमची जेवढी ओळख होईल तेवढी अख्ख्या फेरीत होणार नाही.

ढोल-ताशा पुण्याच्या रक्तात आहे, मलाही आवडतो, पण प्रचारात तो सुरुवातीच्या चौकापुरता ठेवा. दवाखान्यासमोर, शाळेसमोर, परीक्षेच्या दिवसांत वाजवू नका. भोंगा रात्री दहाला बंद म्हणजे बंद. "शेवटचं एक वाक्य" म्हणत दहा वाजून पाच मिनिटांनी बोलणाऱ्याचं शेवटचं वाक्य कोणी ऐकत नाही, सगळे घड्याळ बघत असतात. जेसीबीतून फुलं उधळणं, क्रेनने हार घालणं यांचा खर्च तुमच्या हिशेबात धरला जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर पडलेली फुलं झाडायला महापालिकेचेच झाडूवाले येतात. ते तुमचे मतदार असतात. दुचाकी फेरी काढलीत तर स्वतः आधी हेल्मेट घाला.

दुसऱ्या पक्षाची पदयात्रा समोरून आली तर? मार्ग एकमेकांना कापत असतील तर आयोजकांनी आधी बोलून घ्यावं असं आचारसंहितेतच आहे. तरी मंडईजवळ किंवा लक्ष्मी रस्त्यावर गाठ पडतेच. घोषणा थांबवायला सांगा, पुढे होऊन विरोधी उमेदवाराला नमस्कार करा आणि रस्ता द्या. पेठांत ही रीत जुनी आहे. दोन्हीकडची पोरं एकाच गणपती मंडळात ढोल वाजवतात, निवडणुकीनंतरही वाजवणार असतात.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना 50 टक्के आरक्षण आहे. तरी सभेत बाई बोलायला उभी राहिली की मागून एक आवाज हमखास येतो: "मिस्टर कुठेत?", "कारभार कोण बघणार?" काही वेळा याहून वाईट, कपड्यांवरून, घरावरून. पहिल्या प्रकाराला तुम्हीच उत्तर द्या, रागावून नको, सरळ: "कारभार मी बघणार. उद्या सकाळी नऊला मी अमुक ठिकाणी बसलेली असेन, काम घेऊन या." आणि खरोखर बसा. दुसऱ्या प्रकाराला तुम्ही उत्तर देऊ नका. अध्यक्षांनी तिथेच सभा थांबवून त्या माणसाला नाव विचारावं, पोलिसांना बोलवावं, आणि त्याच रात्री लेखी तक्रार जावी. अशा वेळी "निवडणुकीत हे चालायचंच" असं म्हणणारे कार्यकर्ते तुमच्या बाजूचे असले तरी त्यांचं ऐकू नका. आणि प्रश्न कितीही अवघड असला तरी माइक तुमच्या मिस्टरांच्या हातात जाऊ देऊ नका. ते कितीही चांगले असोत, कितीही मदत करत असोत, त्यांना व्यासपीठावर खुर्ची देऊ नका. खाली, लोकांत उभं करा, वही घेऊन.